एक दुपार सोबासाठी ठेव

मोन्झेन-नाकाचो, टोकियो
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय पक्या,

तुझी यादी पोचली. रामेन तीन ठिकाणी, सुशी दोन, वाग्यू बीफ 'कितीही महाग असो', आणि शिबुयातला तो पॅनकेक, ज्याच्यापुढे वहिनींच्या अक्षरात 'नक्की' लिहिलंय. सगळं करू. फक्त सोबाच्या पुढे तू जे खरडलंयस, 'थंड शेवया, त्याही बिनरश्श्याच्या, नको', त्यावर माझं म्हणणं ऐकून घे. त्यासाठीच हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर तू दोन ओळी वाचतोस आणि अंगठा दाखवून मोकळा होतोस.

मला एकच दुपार दे. बाकीच्या सगळ्या तुझ्या.

मी निशि-कासाइ सोडून इकडे आलो हे तुला माहीत आहे. तिथे सोय उत्तम होती, हाकेच्या अंतरावर मराठी माणूस, डाळ-तांदूळ-हिंग सगळं मिळायचं. पण राहतोय जपानमध्ये आणि शेजारी सगळे बाणेर-वाकडचे, हे काही मला रुचेना. मेट्रोच्या तोझाई लाइनवर तिथून शहराकडे चौथं स्टेशन म्हणजे हे मोन्झेन-नाकाचो. जुनी वस्ती आहे. 1627 सालचं तोमिओका हाचिमान देऊळ, त्याच्या आजूबाजूला अरुंद गल्ल्या, आणि त्यातल्या एकीच्या तोंडाशी आपलं सोबाचं दुकान, एक आजी-आजोबा चालवतात ते. 'आपलं' म्हणतोय ते हक्कानं. आजी आता मला चहा आणून ठेवतात आणि काय हवं ते विचारत नाहीत.

बाहेरून बघशील तर म्हणशील, ह्यासाठी आणलंस? काचेच्या कपाटात पदार्थांचे प्लॅस्टिकचे नमुने, उन्हानं विटलेले. दाराशी जुनी होंडा कब, तिच्या मागे स्प्रिंगांवर टांगलेली लोखंडी चौकट. घरपोच न्यायचे वाडगे त्यात ठेवतात. गाडी वळली, खड्ड्यात गेली तरी रस्सा हिंदकळत नाही. (कोल्हापुरात कुणी रश्श्याच्या पार्सलसाठी असलं करत असेल तर कळव.) दारावर निळा कापडी पडदा, नोरेन. तो बाहेर लटकतोय म्हणजे दुकान चालू, आत घेतला की संपलं, मग कितीही गयावया कर. आत मोजकी टेबलं, भिंतीवर लाकडी पट्ट्यांवर ब्रशनं लिहिलेली नावं आणि किमती, वर कोपऱ्यात टीव्ही. बाराला बातम्या, पावणेएकला एनएचके ह्या इथल्या सार्वजनिक वाहिनीच्या सकाळच्या मालिकेचा तोच भाग पुन्हा. टॅक्सीवाले, पोस्टातली माणसं, देवळात जाऊन आलेल्या बायका, सगळे एक डोळा वर ठेवून जेवत असतात. कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. आवाज असतो तो भुरक्यांचा.

आता 'थंड शेवया'बद्दल. हे पीठ गव्हाचं नाही. उत्तरेत उपासाला खातात तो कुट्टू, त्याचं. गव्हाशी त्याचं काडीचं नातं नाही. काकूंच्या परसातल्या आंबट चुक्याच्या कुळातलं झाड ते. डोंगराळ, निकस जमिनीतही येतं, आणि पेरल्यापासून अडीच महिन्यांत कापणीला तयार. पूर्वी लोक ह्याचं पीठ गरम पाण्यात घोटून गोळा करून खायचे. तो सोबागाकी आजही आमच्या दुकानात मिळतो, पण आजोबांची लहर असेल तेव्हाच. लाटून, कापून बारीक दोरे करायची रीत नंतरची. तिचा जुन्यात जुना लेखी उल्लेख सापडलाय तो 1574 सालचा, नागानो भागातल्या किसो इथल्या एका बौद्ध देवळाच्या दुरुस्तीच्या कागदात. मग एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हे गोरगरिबांचं, कारागिरांचं रस्त्यावर उभ्यानं खायचं अन्न झालं. एका वाडग्याला सोळा मोन (तेव्हाची नाणी) हा दर तिथे वर्षानुवर्षं टिकला होता.

खरी गोम पिठात आहे. ह्या पिठाला चिकटपणा नाही. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी कशी थापता थापता फाटते, ते तू काकूंच्या हाताखाली पाहिलंयस. इथे ती अडचण रोजची, आणि भाकरी नाही, तर सव्वा-दीड मिलिमीटर रुंदीचा लांबलचक दोरा काढायचाय. म्हणून बहुतेक दुकानं त्यात गव्हाचं पीठ घालतात. दोन भाग गहू, आठ भाग सोबा, हे नि-हाचि. निव्वळ सोबाचा केला तर जुवारी. (ज्वारीशी संबंध नाही, मीही आधी कान टवकारले होते.) माझ्या मते निव्वळ सोबाचं कौतुक जरा जास्तच होतं. वास जबरदस्त, मान्य, पण तोंडात तुटतो. आठाला दोन हे प्रमाण ज्यानं ठरवलं तो खाणारा माणूस होता.

एकदा आजोबांनी मला सकाळी आत येऊन बघू दिलं. मोठ्या लाखेच्या परातीत पीठ, त्यावर थोडं थोडं पाणी, आणि दहाही बोटं उघडी ठेवून ते नुसतं फिरवत राहायचं. मळायचं नाही. आधी रवा होतो, मग मणी, मग वाटाणे, आणि मग एकदम सगळं हाताला येतं. त्या दिवशी हवा दमट असेल तर पाणी कमी, कोरडी असेल तर जास्त. मोजमाप कुठेच लिहिलेलं नाही. त्यांच्या धंद्यात एक म्हण आहे: परातीला तीन वर्षं, लाटण्याला तीन महिने, सुरीला तीन दिवस. बघणाऱ्याला सुरीचंच अप्रूप वाटतं. भलीमोठी, चौकोनी, आणि लाकडी पट्टीच्या आधारानं खटखटखट चालते. पण आजोबा म्हणाले, कापणं माझ्या नातवालाही जमेल. नातू टोकियोत नाही आणि त्याला ह्यात रस नाही, हे आजींनी मला नंतर वेगळं सांगितलं.

खायचं कसं ते आत्ताच सांगून ठेवतो, तिथे मी बोलणार नाही. तू सेइरो मागव. चौकोनी लाकडी चौकटीत बांबूची चटई, त्यावर थंड सोबा. उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर, मग गार पाण्यात हातानं चोळून धुतलेला, म्हणून कडा अजून शाबूत. सोबत एका पेल्यात त्सुयू (बुडवायचा रस्सा), एका बशीत बारीक चिरलेली पात आणि वासाबी. पहिले दोन-चार दोरे कोरडेच खा. काहीच चव लागणार नाही, असं तुला वाटेल. चावत राहा, नाकानं श्वास सोड, मागून भाजल्या धान्याचा वास येईल. मग दोरे उचलून टोकाकडचा तेवढा भाग त्सुयूत बुडव. सगळं बुडवलंस तर खारट होईल, कारण टोकियोचा त्सुयू काळा आणि कडक असतो. वासाबी पेल्यात कालवू नकोस, दोऱ्यावर टेकव. आणि भुरका मार, मोठ्यानं. लाजायचं कारण नाही. भुरक्याबरोबर हवा आत जाते, वास नाकाशी पोचतो, आणि सोबात वास हीच अर्धी चव. लहानपणी आमटीचा भुरका मारला म्हणून तुझ्या आजोबांनी तुला ताटावरून उठवलं होतं ना? त्याची भरपाई इथे करून घे.

त्सुयू म्हणजे तुझ्या भाषेत रस्सा, फक्त तो दोन वेगळ्या ठिकाणी जन्मतो. सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू) आणि साखर एकत्र गरम करून काही दिवस मुरवत ठेवतात, तो काएशि. दुसरीकडे कात्सुओबुशि उकळून काढलेलं पाणी. कात्सुओबुशि हा कुपा जातीचा मासा. उकडतात, पुन्हा पुन्हा धुरावतात, वाळवतात, इतका की शेवटी सुतारी रंध्यावर किसावा लागतो. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत ह्याच धुरकट पाण्याचा वास भरून राहतो. मालवणला गेलो होतो तेव्हा तू सुकटीच्या वासानं वेडा झाला होतास, म्हणून माझी खात्री आहे की निम्मी लढाई मी दारातच जिंकेन.

आणि घाई कर. गप्पा मारत बसलास, फोटो काढत बसलास, तर दोरे एकमेकांना चिकटतात, पाणी सोडतात. दहा मिनिटांत खाऊन मोकळं व्हायचं अन्न आहे हे. शेवटी आजी एक चौकोनी, चोचीचं, लाखेचं भांडं आणून ठेवतील. त्यात सोबायू, सोबा उकडलेलं पाणी, दुधट, गरम. उरलेल्या त्सुयूत ते ओतायचं आणि प्यायचं. इथेच मी सोबाच्या बाजूनं फितूर झालो, खरं सांगतो. थंड जेवणाच्या शेवटी ते गरम, किंचित खारट पाणी घशाखाली उतरतं तेव्हा ढेकर येतो आणि माणूस उठायला तयार होतो.

आता वहिनींचं. त्या माळकरी, आणि ह्या दुकानात मासा जिथे दिसत नाही तिथेही आहे. सोबा शाकाहारी, त्सुयू नाही. टेम्पुरा भाज्यांचा मागवता येईल, पण तळणीचं तेल कोळंबीलाही तेच. मी आजींशी बोललोय. त्यांच्यासाठी सोबा नुसत्या मिठावर आणि पातीवर देतील. तशी खाणारी दर्दी माणसं इथेही असतात, कारण त्यात पिठाची परीक्षा होते. सोबायूही चालेल, ते फक्त उकडलेलं पाणी. एकादशीला येताय का ते मात्र बघा. कुट्टू उपासाला चालेल म्हणून खूश होऊ नका, त्यात दोन भाग गहू आहे. शिवाय कुणाला सोबाची अ‍ॅलर्जी असेल तर ती भयंकर असते. तुम्हा दोघांनी आयुष्यात कुट्टू खाल्लेलाच नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून ठेवा आणि पहिला घास बेतानं घ्या.

तू म्हणशील, मग नावाजलेल्या ठिकाणीच का नाही? आहेत ना. कांदा नावाचा भाग आहे (हसून घे), तिथे 1880 साली सुरू झालेलं याबु सोबा आणि 1884 सालचं मात्सुया, पायी काही मिनिटांच्या अंतरावर. याबुची जुनी लाकडी वास्तू 2013 च्या फेब्रुवारीत आगीत जळाली, पुढच्या वर्षी नवी उभी राहिली. तिथली ऑर्डर पुकारायची पद्धत अजून तीच, गल्ल्यावरची बाई सूर लावून स्वयंपाकघराला सांगते. ऐकण्यासारखं आहे, नेईन तुला. पण तिथे आपण पाहुणे, रांगेत उभे, आणि चटईवरचे दोरे मोजता येतील इतके. आमच्याकडे सेइरोवर आणखी एक चटई मागवली तरी माणशी हजार-दीड हजार येनमध्ये दोघे तिघांसारखे जेवतात.

शिवाय आमच्याकडे दीडच्या पुढे जो कार्यक्रम सुरू होतो तो मला तुला दाखवायचाय. निवृत्त म्हातारे एकेकटे येतात. सोबा लगेच मागवत नाहीत. आधी थोडी साके (तांदळाची दारू), बरोबर माशाच्या वडीचे पांढरे काप आणि वासाबी, किंवा गोडसर अंड्याची घडी. वर्तमानपत्र उघडतात. अर्ध्या तासानं हात वर करतात, सेइरो येतो, पाच मिनिटांत भुरकून संपवतात आणि जातात. भरदुपारी, एकट्यानं, शांतपणे पिणं, आणि कुणी 'काय झालं?' म्हणून विचारत नाही! आपल्या गावात हे करून दाखव.

तुला कितीही समजावलं तरी तुझं बोट भिंतीवरच्या 'करी नानबान'कडे जाणार, हे मी धरून चाललोय. दाट पिवळा करी-रस्सा, त्यात पात, मांस आणि गरम सोबा. मसाला इथे पोचला तो मेइजी काळात (1868 ते 1912), इंग्रजांच्या हातून, म्हणजे आपल्याकडूनच फिरून. वाईट नाही. गोडसर आहे, शर्टावर उडतो. पुन्हा कधी आलास तर घे. पहिल्या खेपेला सेइरो.

सध्या दारावर 'शिन-सोबा'चा कागद लागलाय, नव्या पिकाचं पीठ आलंय. रंगाला किंचित हिरवट छटा असते आणि वास सर्वात चांगला ह्याच दिवसांत. डिसेंबर संपेपर्यंत आलात तर सापडेल. 31 तारखेला मात्र नको. वर्ष ओलांडताना सोबा खायचा अशी इथे रीत आहे, त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत रांग असते आणि आजोबा कुणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नसतात. आजोबांचे गुडघे गेलेत. मागच्या उन्हाळ्यापासून संध्याकाळचं दुकान बंदच ठेवतात. पुढच्या वर्षी दुपारही चालेल का, ते मला विचारवत नाही, म्हणून तुला घाई करतोय.

दुकान बुधवारी बंद. साडेअकराला पडदा लागतो, पावणेबाराच्या आत पोचायचं, नाहीतर ऑफिसवाल्यांची गर्दी. पैसे रोख, कार्ड घेत नाहीत. तिकिटं पक्की झाली की तुमच्या मुक्कामात बुधवार कुठे येतो ते बघ आणि त्याच्या आदल्या दिवशीची दुपार मोकळी ठेव. माझ्यासाठी काकूंच्या हातचा कांदा-लसूण मसाला किलोभर आण. पण तो त्या दुकानात पिशवीतून बाहेर काढलास, तर मी तुला ओळखत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझाच,
बाळ्या