बाबांना दाखवू नको

बाबू,
फोन लावला की तुझे बाबा पडवीत कान देऊन बसतात म्हणून लिहितेय. तू लाजू नको, मलाच जास्त लाज वाटतेय.

देवगडहून एसटीने निघायच्या आधी मी दोनदा मागीलदारी जायचे नि रस्ताभर पाणी प्यायचे नाही, तू किती चिडवायचास. तर तुझ्या जन्मापासून शिंक आली, खोकला आला की मला थोडी लघवी होते. मसाल्याच्या मिरच्या भाजायच्या तर आधी जुन्या लुगड्याची घडी घ्यायची, 27 वर्षं हेच. आई म्हणायची बायकांना होतंच, मीही तेच धरून बसले.

यंदा आंब्याच्या पेट्या उचलताना अंग खाली ओढल्यासारखं व्हायला लागलं म्हणून कणकवलीला गेले तर डॉक्टरीणबाईंनी फिजिओकडे धाडलं. मला वाटलं गुडघ्याला देतात तसा शेक देतील. तुझ्याहून लहान पोर ती, म्हणाली काकू, गॅस अडवतो तसं खालचं आत नि वर ओढा, श्वास रोखू नका, दहापर्यंत मोजा, सोडा. पहिल्या दिवशी तीनच्या पुढे जाईना! दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान 3 महिने. पेटी उचलताना आधी ते आवळायचं आणि श्वास सोडत उचलायचं. आता शिंकेला घडी लागत नाही, रोज नाही, पण पुष्कळदा.

सूनबाईला सातवा लागलाय, कूस बदलताना जांघेत कळ येते म्हणाली ना, त्यावरही व्यायाम असतात, हार्मोनने सांधे सैल होतात म्हणे, वर पोटाचं वजन. डॉक्टरांना विचार आणि आत्ताच घेऊन जा. सिझर झालं तरी नऊ महिन्यांचं ओझं मी आवळते त्याच खालच्या स्नायूंनी पेललेलं असतं.

माहेरी विहीणबाई मालीश करतील, पोट बांधतील, अळीव देतील, करू देत, पण नुसतं बांधून स्नायू बळकट होत नाहीत. मी तुझ्या बाराव्या दिवशी विहिरीवरून हंडा आणला होता, सासूबाईंची कंबर धरली होती, दुसरं कोण आणणार. सव्वा महिन्याने तपासणी असते तेव्हा फिजिओलाही दाखवा. उताणं निजून डोकं जरा उचलायला लावतात आणि बेंबीपाशी बोटं दाबून बघतात, पोटाचे स्नायू मधे फाकलेत का. माझ्यात इतक्या वर्षांनी अजून अडीच बोटं गेली.

सूनबाईला हे माझं नाव सांगून सांग, चालेल. कुळथाचं पीठ नि फणसपोळी शेजारच्या पोराबरोबर पाठवलीय, त्याला फोन कर.

आई