घर लावलं, चाक बसवलं

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नौपाड्यात नव्हतं असं तिथे काय आहे गं?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. पुन्हा लागला तेव्हा फोन आईच्या हातात होता आणि विषय तुमच्या साखरेवर गेला होता. प्रश्न माझ्याकडे तसाच राहिला. तुम्ही तो रागाने विचारला नव्हता, खरंच कळावं म्हणून विचारला होता, म्हणून नीट बसून लिहितेय.

इथे, शहापूर तालुक्यातल्या या गावात, मला मातीचं काम अर्धवट ठेवून उठता येतं. माझं उत्तर एवढंच आहे.

ऐकायला किरकोळ वाटेल, पण आपल्या घरातली ती वर्षं आठवून बघा. माझं कुंभाराचं चाक गॅलरीत, मातीची पोती पलंगाखाली आणि ओले वाडगे जेवणाच्या टेबलावर. आई पोळ्या लाटायला उभी राहिली की मी सगळं उचलायला लागायचे. त्यात तुम्हा दोघांचा काडीचा दोष नव्हता. तुम्ही जेवढं सोसलंत तेवढं कुणी सोसलं नसतं. वरून सोसायटीच्या चिठ्ठ्या, की तुमच्या गॅलरीतून माती येते आणि पाइप तुंबतो. पण मातीला तिची स्वतःची वेळ असते. चाकावर काढलेला वाडगा काही तासांनी लेदर-हार्ड होतो, म्हणजे हाताने उचलला तरी आकार सोडत नाही आणि तरी नखाने खरवडता येतो. त्याच अवस्थेत तो उलटा ठेवून तळाचं कडं कोरायचं असतं. ती वेळ गेली की गेली. टेबल मोकळं करायची वेळ आणि मातीची वेळ कधी जुळायची नाही, म्हणून मी लहान, झटपट होणाऱ्या वस्तूच करत राहिले. मोठं काही करायची इच्छाच मी मनातून काढून टाकली होती.

आता ओल्या भांड्यांची फळी जिथे आहे तिथेच राहते. रात्री पाणी प्यायला उठले की बॅटरीच्या उजेडात ती रांग दिसते. एखाद्या सुरईची मान जड झालीय हे तेव्हा कळतं, काम करताना कळलेलं नसतं. सकाळी उठल्यावर पहिलं काय हातात घ्यायचं हे मग ठरलेलं असतं.

आता घराबद्दल. आईने नुसते फोटो पाहिलेत आणि फोटोत फक्त पडवी येते. पडवीमागे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. मी चाक माजघरात बसवलं. शेजारच्या मावशींना हे आधी पटलं नाही, कारण माजघरात देव असतात, धान्याच्या कणग्या असतात, तिथे चिखल कसा करायचा? देव मी स्वयंपाकघरात पूर्वेकडच्या कोनाड्यात ठेवले, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. माजघरच हवं होतं, कारण भिंती जाड आहेत आणि मे महिन्यातली झळ तिथपर्यंत पोचत नाही. या झळांनी भांड्याचा काठ आधी सुकतो, पोट मागे राहतं आणि कपाचा कान बरोबर जोडावर तडकतो. उन्हाळाभर मी कपांवर ओली फडकी टाकून ठेवत होते.

माजघरात अंधार फार होता. शाकारणीला आलेल्या काकांनी वासे तपासले, कुजलेल्या रिपा बदलल्या, आढ्याचं लाकूड ठोकून पाहिलं आणि म्हणाले, काचेची कौलं बसवू. चाकाच्या बरोबर वर, उत्तरेच्या उतारावर चार काचेची कौलं बसवली आहेत. उत्तरेचा उजेड पुष्कळसा एकसारखा असतो, डोळ्यांवर फारसा येत नाही, आणि भांड्याचा बाक खरा कसा आहे ते दाखवतो. ट्यूबलाइटमध्ये सगळी भांडी चांगलीच दिसतात.

पुढच्या बाजूची कौलं मंगलोरी आहेत. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना काढला आणि तिथून ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. गोठ्यावर मात्र अजून जुनी नळीची कौलं आहेत. ती कुंभार चाकावर काढत असत: उंच नळकांडं काढायचं आणि ओलं असतानाच उभं चिरून दोन करायचे. एका कौलाच्या आतल्या बाजूला बोटांच्या रेघा स्पष्ट उमटलेल्या आहेत. ते मी गोठ्यावरून उतरवून चाकासमोरच्या भिंतीवर टांगलंय. कुणाचा हात होता कोण जाणे, पण माझ्यापेक्षा कितीतरी सराईत होता.

आई, तुला आगीची भीती वाटते ना? भट्टी घरात नाही. मागच्या अंगणात लोखंडी खांबांवर पत्र्याची शेड घातलीय, तिन्ही बाजूंनी उघडी, खाली दगडी फरशी. भट्टी गॅसची आहे, कारण इथे वीज मधूनमधून जाते आणि विजेची भट्टी अध्येमध्ये थांबली तर भाजणी बिघडू शकते. सिलिंडर 19 किलोचे, शेडच्या बाहेर, सावलीत. पहिले काही तास मी अगदी मंद आच ठेवते. भांड्यात ओल राहिली असेल तर 100 अंशाच्या आसपास तिची वाफ होते आणि भांडं फुटतं, शेजारचीही फोडतं. या दिवसांत हवाच इतकी ओली असते की वरून कोरडं वाटणारं भांडं आतून ओलंच असतं. कच्ची भाजणी 1000 अंशापर्यंत, ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाची, 1240 पर्यंत. भट्टी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत दार उघडायचं नाही. निवताना 573 अंशाला मातीतली गारगोटी आकसते, तेव्हा घाई केली तर तडा ठरलेला. मी रात्रभर भट्टीपाशी बसत नाही, तेव्हा ती काळजी सोड.

बाबा, तुमचे कागद. आपण शेतकरी नाही, त्यामुळे 1948 च्या कुळकायद्याप्रमाणे आपल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि मी घेतलेलीही नाही. घर गावठाणात आहे. नोंदणीकृत खरेदीखत, ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीची पावती तिन्हींवर माझं नाव आहे. झेरॉक्स कुरिअरने पाठवतेय, तुम्ही पेन्सिलने खुणा करून परत पाठवालच. एजंट एक जमीन दाखवत होता, माहुली गडाच्या पायथ्याशी, फार देखणी. ती आदिवासींच्या नावची निघाली. तशी जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि कुणी वाट काढून देतो म्हणालं तरी मी घेणार नाही. ज्यांच्या रानाच्या कडेला मी राहायला आले, त्यांचंच रान खाऊन मला घर नको.

पाण्याचं तुम्हाला माहीत आहे. 1892 पासून तानसाचं पाणी मुंबईला जातं, भातसा धरणही आमच्याच तालुक्यात, आणि मे महिन्यात इथल्याच वाड्या-पाड्यांवर टँकर येतो. मला हे बघून संताप येतो. बायका हंडे घेऊन रांगेत असताना मी चिखल धुवायला नळ सोडून बसणं शक्य नाही. म्हणून तीन बादल्यांची सोय केलीय: हात आणि हत्यारं पहिलीत धुवायची, गाळ खाली बसला की वरचं पाणी दुसरीत, मग तिसरीत. तेच पाणी पुन्हा माती भिजवायला. गाळ प्लास्टरच्या लादीवर पसरला की लादी पाणी शोषते आणि तो पुन्हा चाकावर चढतो. पागोळ्यांचं पाणी टाकीत घ्यायची सोयही झाली. आता कुठलाच पाइप तुंबत नाही.

ज्याबद्दल लिहायला मी सकाळपासून उतावीळ आहे ते आता सांगते. भांडी घडवायला स्टोनवेअरची, म्हणजे मोठ्या आचेवर दगडासारखी घट्ट भाजणारी, तयार माती मी बाहेरूनच मागवते. इथल्या खाचरातली लाल माती 1000 अंशापर्यंत छान भाजते, पण 1240 ला नेली की फुगते, वाकते, बसते. पण भांड्याच्या अंगावरचं ग्लेझ मी आता इथलंच करते. भाताच्या गिरणीबाहेर तुसाचे ढीग असतात. तूस जाळलं की राखेत जवळजवळ सगळी सिलिकाच उरते, म्हणजे काचेचा मूळ घटक. चुलीतल्या लाकडाच्या राखेत चुना असतो, तो ग्लेझ वितळायला मदत करतो. मावशी ती माझ्यासाठी डब्यात साठवून ठेवतात. आणि खडीच्या क्रशरवरची बारीक भुकटी, म्हणजे आपला काळा कातळ. सह्याद्रीचा हा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला लाव्हा. माझ्या भट्टीत तो पुन्हा एकदा वितळतो! त्यात लोह भरपूर, म्हणून थर जाड असेल तिथे काळाभोर, आणि काठावर पातळ होतो तिथे तांबूस. पहिला मनासारखा जमलेला वाडगा भट्टीतून काढला तेव्हा गरम असतानाच फडक्यात धरून मी मावशींकडे पळत गेले. त्यांनी आतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "गडाचा रंग आलाय." पावसात भिजलेली माहुली त्यांच्या अंगणातून दिसते, नवरा-नवरीच्या सुळक्यांसकट. खरंच तोच रंग होता. तो वाडगा त्यांच्याकडेच ठेवला.

पैशांचं ठीक चाललंय. शनिवार-रविवारी ठाणे-कल्याणहून मुलं शिकायला येतात, कसारा लोकलने आसनगावपर्यंत आणि पुढे रिक्षाने. एका हॉटेलवाल्याची ताटल्यांची ऑर्डर आहे. उधळायला नाही, पण पुरतं.

एकटं वाटतं का, हे आईने विचारलं नाही, पण तिच्या आवाजात ते असतंच. वाटतं. पाऊस लागून राहिला आणि वीज गेली की संध्याकाळ लांबते. गडकरीला नाटक असलं की तुम्ही दोघं चालत जाता, परतताना तलावपाळीला टेकता, हे आठवून जीव कासावीस होतो. मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी मी म्हणूनच चालू ठेवलीय. ठाण्याला फेरी झाली की पुस्तकं बदलते. पण हे एकटेपण मला खात नाही, कारण सकाळी कुणीतरी हाक मारतंच. मृग लागल्यापासून मावशी शेवळांची रानभाजी आणतात, बरोबर काकडाची आंबट फळं आठवणीने, नाहीतर घसा खाजायचा. आई, ठाणे स्टेशनबाहेर तू ज्या बायकांकडून शेवळं घ्यायचीस, त्या पहाटेच्या लोकलने इकडूनच निघतात. एक जण तर आमच्याच पाड्यावरची आहे.

तुमच्यासाठी ओटीलगतची खोली तयार केलीय. न्हाणीत कमोड बसवला, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे, आणि उंबऱ्याच्या दोन पायऱ्यांवर उतार घालून घेतला, बाबांच्या गुडघ्यासाठी. खाट खिडकीपाशी आहे. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथलं मी बघून आले. नवरात्रानंतर या, पाऊस ओसरलेला असेल, भात कापणीला आलेलं असेल. चार दिवसांच्या पाहुण्यांसारखे येऊ नका. औषधं महिन्याभराची घ्या. खोली रिकामी आहे म्हणून हे बोलावणं नाही. मी काम करत असताना तुम्ही दोघं मला इथे माझ्यासमोर हवे आहात: बाबा पडवीत पेपर वाचताना आणि आई माझ्या वाडग्यांना नावं ठेवताना.

आणि आई, तुझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण. बरण्या स्टोनवेअरच्याच असतात, त्यामुळे मी करून देऊ शकते, पण माप अचूक हवं. झाकण बसतं त्या आतल्या खाचेचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. बाहेरचा नको. बाबांकडे व्हर्निअर आहे, पट्टीने मोजू नका. माझी माती सुकून आणि भाजून 12 टक्के आकसते, म्हणजे 12 सेंटीमीटरचं झाकण हवं असेल तर मला चाकावर 13.6 चं काढावं लागतं, आणि माप थोडं जरी चुकलं तरी ते बसणार नाही. तीन ठिकाणी मोजा, जुन्या बरण्या पुष्कळदा पूर्ण गोल नसतात. या हवेत सुकायलाच पंधरवडा जाईल, मग दोन भाजण्या, म्हणजे महिना धर. तोवर दादरा बांधून ठेव आणि कैरीच्या फोडी तेलात बुडालेल्या आहेत ना ते बघत राहा.

तुमची लेक