पांढऱ्या विदूषकास, लाल नाकाकडून

उस्ताद,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तुमची भाषा मला अजून बाजारहाटापुरतीच येते, आणि मनातलं बोलायला गेलं की क्रियापदं अडतात. म्हणून सरळ माझ्या भाषेत लिहितेय. कुणी वाचून दाखवलं तर उत्तमच. नाही तर तुमच्याबद्दल आणखी चारजणांना कळेल, तेही वाईट नाही.

परवा सर्कशीतला आपला शेवटचा खेळ संपला. तुम्ही तोंड पुसलंत, शंकूची टोपी खोक्यात ठेवलीत आणि रोजच्यासारखं "उद्या भेटू" म्हणालात. उद्या भेटणार नव्हतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. मीही "हो, उद्या" म्हटलं आणि बुटाच्या नाड्या सोडत बसले. आभार मानायचे राहूनच गेले. तीन दिवस झाले, आवंढा काही खाली जात नाही.

आधी थोडी उणीदुणी. काढू नयेत म्हणतात, पण मी काढणार आहे.

तुमच्याआधी एका एजंटाला मी माझा व्हिडिओ पाठवला होता. त्याचं उत्तर दोन ओळींचं. मुलीला विदूषक म्हणून कोण घेतो? चमकीचा पोशाख घालून झुलेवाल्यांना टॉवेल द्यायचं काम असेल तर बघतो. त्यानंतर जिथं काम मिळालं तिथं लाल नाक तरी मिळालं, पण पहिल्याच दिवशी पासपोर्ट "सांभाळून ठेवतो" म्हणून कपाटात गेला. तो हातात यायला सात महिने लागले. पगाराचं तर विचारूच नका.

आणि तिथला जोडीदार. त्याची थप्पड खरी असायची.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रिंगणातली थप्पड गालाला लागत नाही. मारणाऱ्याचा हात चेहऱ्यासमोरून जातो, खाणारा त्याच क्षणी मान फिरवतो आणि खाली, कोटाच्या आडोशानं, स्वतःच टाळी वाजवतो. आवाज खाणाऱ्याचा, हात मारणाऱ्याचा. दोघांचं जमलं तरच ते खरं वाटतं, आणि जमवायला तालीम लागते. त्या गृहस्थाला तालमीचा कंटाळा. माझी टाळी मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, असं कारण देऊन तो सरळ मारायचा. रोज दोन खेळ, रविवारी तीन. प्रेक्षकांना फरक कळत नाही, असं त्याचं म्हणणं. ते खरंच होतं, लोक तितकंच हसायचे.

तर अशी मी तुमच्याकडे आले. रिंगणाची मात्र ओळख करून घ्यावी लागली नाही. ते ४२ फुटांचं वर्तुळ अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या घोडेस्वारानं घोड्यांसाठी ठरवलं. दौडत्या घोड्यावर उभं राहणाऱ्याला तेवढ्या गोलाईत तोल सावरता येतो. घोडे कमी झाले तरी माप बहुतेक ठिकाणी तेच राहिलं. पडद्यापासून मधोमध यायला माझ्या त्या होडीएवढ्या बुटांनी जी पावलं तिकडे लागायची तीच तुमच्याकडे लागली. परक्या देशात ओळखीची वाटलेली ती पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट पहिल्या तालमीतली, आणि हे पत्र खरं तिच्यासाठीच आहे.

सकाळची वेळ. तंबू रिकामा, भुसा नुकताच पाणी मारून बसवलेला. वर कुणीतरी दोर तपासत होतं. आपण थपडेपर्यंत आलो. तुम्ही हात उचललात, आणि माझे डोळे गच्च मिटले, खांदे कानाशी गेले. मला ते कळलंसुद्धा नाही. डोळे उघडले तेव्हा तुमचा हात खाली होता. काय झालं, कुणी मारलं, कुठे होतीस, असलं काही तुम्ही विचारलं नाहीत. पांढरा हातमोजा काढून खिशात घातलात, माझ्यापुढे गाल केलात आणि म्हणालात, "आधी तू."

याचा अर्थ सर्कशीबाहेरच्या माणसाला पटकन कळायचा नाही. पांढरा विदूषक म्हणजे आमच्यातला साहेब. जरीचा अंगरखा, पांढराफटक चेहरा, एकच भुवई काढलेली, बोलण्यात तोरा. लाल नाकाचा ऑगस्ट म्हणजे त्याचा गबाळा गडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही जोडी अशीच चालत आलीय आणि थप्पड बहुतेक वेळा वरून खालीच येते. ज्या माणसानं आयुष्यभर साहेबाचं काम केलं, तो त्या सकाळी नव्या पोरीसमोर गाल करून उभा राहिला.

मी पन्नासेक वेळा तरी हात चालवला असेल. दरवेळी माझ्या तळव्याला नुसती हवा लागायची आणि खालून तुमची टाळी फटाक्यासारखी वाजायची. दहाव्या-बाराव्या वेळी मला हसू आलं. कुणाच्याही गालाला न लागता एवढा मोठा आवाज येऊ शकतो, हे मी मारणाऱ्याच्या बाजूनं कधी पाहिलंच नव्हतं. मग तुम्ही हातमोजा घातलात, हात उचललात आणि थांबलात. माझी नजर तुमच्या नजरेला मिळेपर्यंत थांबलात.

तो अर्ध्या क्षणाचा थांबा पुढे प्रत्येक खेळात आला. पाऊस तंबूवर बदडत असताना आला, तुम्हाला ताप होता तेव्हा आला. प्रेक्षकांना वाटायचं, साहेब रागानं बघताहेत. पोरं ओरडायची, "आता मारणार!" तुम्ही मला विचारत होता, तयार आहेस ना? आणि मी पापणीनं हो म्हणत होते. एवढंच काय ते.

तुम्ही शिकवलंत खूप. ग्रॉक हा स्विस विदूषक स्टूल पियानोजवळ घ्यायचं सोडून अवजड पियानोच स्टुलाकडे ढकलायचा. ते करून दाखवताना तुम्ही म्हणालात की याला मूर्ख समजू नकोस, याचं गणित पक्कं आहे, नुसतं उलटं मांडलंय. मी फार जोरात पडायला लागले तेव्हा ग्रिमाल्डीची गोष्ट सांगितलीत. पांढऱ्या चेहऱ्याच्या विदूषकांचा तो मूळपुरुष, पण उड्या नि आदळआपट यांत शरीर इतकं झिजलं की १८२८ मध्ये, पन्नाशीच्या आतच, निरोपाचा खेळ खुर्चीत बसून करावा लागला. "गुडघे दोनच मिळतात," म्हणालात. फ्रेंच विदूषक आनी फ्रातेल्लिनीचा फोटोही तुम्हीच आरशाला लावलात. तिनं लाल नाक लावलं, नवरा पिएर एतेक्स पांढरा विदूषक झाला, आणि दोघांनी मिळून सर्कशीची शाळाही काढली. त्या एजंटाला तो फोटो पाठवायची माझी फार इच्छा होती. तुम्ही तिकिटाचे पैसे वाया घालवू नकोस म्हणालात.

हे सगळं मोलाचं आहे. पण शिकवणारे आणखीही भेटले असते. हात उचलून थांबणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

चांगुलपणाचे ढोल वाजवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पासपोर्ट कपाटात ठेवणारा मालकसुद्धा "आपण सगळे एक कुटुंब" म्हणायचा. खरी सभ्य माणसं बहुधा कामातच दिसतात. दुसऱ्याच्या झुल्याची गाठ पुन्हा एकदा ओढून बघणारा, जाळी बांधून होत नाही तोवर आम्हाला खुणेनं "अजून दोन मिनिटं" सांगणारा तो पोऱ्या. त्यांच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत. तुमच्यासाठी वाजायच्या, पण भलत्याच गोष्टीसाठी.

काल नवा जोडीदार आला. उंच आहे, भुवई अजून वाकडी काढतो. त्यानं हात उचलायच्या आधी मी त्याला थांबवलं आणि त्याच्यापुढे गाल न करता त्यालाच म्हटलं, "आधी मी." बिचारा घाबरला. दुपारपर्यंत टाळी वाजवायला शिकला.

आणि हो, रंग बसवायला पावडर भरून ठेवलेला तुमचा तो जुना मोजा माझ्याच पेटीत राहिलाय. टाचेला भोक आहे, थोपटलं की निम्मी पावडर मांडीवर सांडते. परत हवा असेल तर निरोप पाठवा. आपणहून मी काही द्यायची नाही.

तुमची,
लाल नाकवाली