मागे जाऊन आल्यावर इन्स्टॉलरच्या मेनूतली निवड बदलते, त्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. मराठी पत्रिका श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड अर्ज नुडी या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्ही कामं एकाच मशीनवर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून विंडोज तसंच ठेवून त्याच मशीनवर शेजारी तुमची ऑपरेटिंग सिस्टीम बसवायला मी पैसे भरून इन्स्टॉलर, म्हणजे ती बसवून देणारा प्रोग्राम, घेतला.

डिस्कच्या मेनूत 'विंडोजसोबत बसवा' हा पर्याय आधीच निवडलेला होता. तोच मला हवा होता. पुढच्या पडद्यावर कीबोर्ड तपासायला एक ओळ टाइप केली, तर अक्षरं कन्नड उमटली. भाषा मराठी निवडली होती, पण राज्य कर्नाटक दिल्यामुळे कीबोर्ड परस्पर बदलला होता. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत दोन्ही भाषांचा 'क' एकाच कळीवर असतो, त्यामुळे टाइप करून बघेपर्यंत हे कळतही नाही. कन्नडबद्दल माझी तक्रार नाही, ती आम्हाला रोज लागते. न विचारता बदललं, ही तक्रार आहे.

म्हणून दोन पडदे मागे गेलो, मराठी कीबोर्ड घेतला आणि एंटर दाबत पुढे आलो. एवढ्यात डिस्कच्या मेनूतला क्रम फिरला होता. 'संपूर्ण डिस्क पुसा' सर्वांत वर, आणि निवडही त्याच्यावर. नंतर आलेल्या 'पुढे जायचं का?' या प्रश्नात डिस्कचं नाव नाही, आकार नाही, आणि 'होय' आधीच निवडलेलं. आठ वर्षांच्या फायली गेल्या. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या, प्रूफ तपासून झालेल्या पत्रिकाही त्यात होत्या. बेळगावच्या रिकव्हरीवाल्याकडून निम्म्याच परत मिळाल्या.

बॅकअप अपुरा होता, ती चूक माझी. पण दुसऱ्या हार्डडिस्कवर विंडोज टाकून मी हेच तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा तसंच झालं. फोटो सोबत जोडले आहेत.

एकदा केलेली निवड मागे जाऊन आल्यावरही तशीच राहिली पाहिजे आणि पर्यायांचा क्रम हलता कामा नये. पुसण्याचा पर्याय माणसाने स्वतः निवडल्याशिवाय लागू होऊ नये. पुसण्याआधी कोणती डिस्क, किती जीबी, तिच्यात विंडोज आहे का, हे पडद्यावर दिसावं आणि तिथे 'नको' हे आधी निवडलेलं असावं. ही दुरुस्ती होईपर्यंत डाउनलोडच्या पानावर ठळक सूचना टाका. माझा रिकव्हरीचा खर्च भरून द्यावा, त्याची पावती जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं.

आपला ग्राहक,
डीटीपी व्यावसायिक, खानापूर, जि. बेळगाव