सफाईचे कंत्राट देण्यापूर्वी कामाचे तास मोजा

महोदय,

कार्यालयाच्या साफसफाईचे कंत्राट द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी तीन दरपत्रके मागवली जातात, त्यांतले सर्वांत कमी दराचे निवडले जाते आणि विषय तिथेच मिटतो. प्रशासन विभागात काम करताना मीही अशा कागदांवर सह्या केल्या आहेत आणि त्यांचे परिणाम जवळून पाहिले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हाऊसकीपिंगच्या खर्चाचा मोठा भाग माणसांच्या पगारावर जातो. त्यामुळे एखाद्या कंपनीचा दर इतरांपेक्षा बराच कमी असेल, तर ती काटछाट माणसांच्या संख्येत, त्यांच्या पगारात किंवा साहित्यात कुठेतरी झालेली असणारच. आमच्याकडे आलेल्या एका कंपनीने दोन मजल्यांसाठी एकच कर्मचारी नेमली होती. त्या दोन मजल्यांवर १४ स्वच्छतागृहे होती. प्रत्येकाला १० मिनिटे धरली आणि दिवसातून दोनदा सफाई करायची म्हटली, तरी ४ तास ४० मिनिटे तिथेच जातात. आठ तासांच्या पाळीत उरलेल्या वेळात सगळी टेबले, जिने, पॅन्ट्री आणि बैठकीच्या खोल्या तिने कधी आवरायच्या, हा हिशेब कोणीच मांडला नव्हता, मीसुद्धा नाही. एकदा दुपारी बारा वाजता स्वच्छतागृहाच्या दारामागचा तपासणी तक्ता सहज पाहिला, तर त्यावर संध्याकाळी पाचची सही आधीच झालेली होती. त्या बाईंना मी रागावलो, याची मला आजही खंत वाटते.

म्हणून दरपत्रकात एकच ठोक रक्कम न स्वीकारता किती माणसे, किती तास, प्रत्येकाच्या हातात किती पगार पडणार आणि साहित्य कोणते, याची फोड मागावी. जागा न पाहता फोनवर केवळ क्षेत्रफळ विचारून दर सांगणाऱ्या कंपनीला दारातूनच नकार द्यावा. फरशी कसली आहे, हे पाहिल्याशिवाय रसायन ठरवता येत नाही. संगमरवरावर आम्लयुक्त क्लीनर पडला की त्याची चकाकी जाते आणि ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही.

पाहणीला आलेल्या सुपरवायझरला दोन साधे प्रश्न विचारावेत. जंतुनाशक पृष्ठभागावर किती वेळ ओले राहू द्यायचे, हा पहिला. बाटलीवर ती वेळ लिहिलेली असते. फवारून लगेच पुसून घेतले तर जंतुनाशकाचा पुरेसा उपयोग होत नाही, आणि आधी मळ काढला नसेल तर त्याचा परिणाम आणखी कमी होतो. दुसरा प्रश्न, ब्लीच आणि आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर एकत्र झाल्यास काय होते? त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद स्वच्छतागृहात तो आधी सफाई करणाऱ्याच्याच नाकातोंडात जातो. ज्याला हे ठाऊक नाही, तो आपल्या माणसांना काय शिकवणार?

ती कंपनी सध्या जिथे काम करते, तिथे शक्य झाल्यास परवानगी घेऊन दुपारच्या वेळी जावे. प्रवेशद्वार सगळेच चकचकीत ठेवतात. आपण साहित्याची खोली पाहावी. स्वच्छतागृहाचा आणि पॅन्ट्रीचा मॉप वेगवेगळ्या रंगाचा आहे का, मॉप टांगून वाळवले आहेत की घाण पाण्याच्या बादलीत बुडालेले आहेत, कर्मचाऱ्यांच्या हातांत मोजे आहेत का, एवढ्यावरून पुष्कळ कळते. तिथल्या कर्मचाऱ्यांना, ते किती महिन्यांपासून तिथे आहेत, हेही विचारावे. माणसे सतत बदलत असतील तर बहुधा पगार वेळेवर होत नसतो.

करारात कोणी गैरहजर राहिल्यास बदली माणूस किती वेळात येईल हे लिहून घ्यावे, तसेच पहिले काही महिने चाचणीचे ठेवावेत. बिल मंजूर करण्यापूर्वी आधीच्या महिन्याचे वेतन पोहोचल्याचा पुरावा मागावा. हे काम किचकट वाटते. पण ज्यांच्या कष्टांवर आपण रोज स्वच्छ टेबलाशी बसतो, त्यांच्यासाठी एवढे करणे आपले कर्तव्य आहे. कपडे बदलण्याची आणि बसून जेवण्याची जागा मात्र कंत्राटदार देऊ शकत नाही. ती कार्यालयानेच द्यायची असते, आणि निविदा काढण्यापूर्वी ती जागा ठरलेली असावी.

आपला,
एक निवृत्त प्रशासन अधिकारी