बडोद्याचे पोपट आणि ग्वाल्हेरची तार

प्रिय वसू,

पत्र मिळालं. तुमच्या ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातल्या चांदीच्या आगगाडीचं वर्णन वाचून मजा आली. जेवणाच्या टेबलावर रूळ काय, त्यावरून ब्रँडी न् सिगार फिरतात काय, आणि कुणी बाटली उचलली की गाडी जागच्या जागी थांबते काय! शिंद्यांची हौस दांडगी, मान्य. पण शेवटी जे टोचून विचारलंस ना, 'तुमच्या लक्ष्मीविलासात असं काय आहे गं?', त्याला उत्तर न देता गप्प बसले तर बडोद्याच्या या राजवाड्याच्या गावात, दांडियाबाजारात राहून उपयोग काय?

तर ऐक. आमच्याकडे पोपट होते. चांदीच्या चिमुकल्या सायकली चालवणारे, छोट्या मोटारी हाकणारे, तारेवरून तोल सांभाळत चालणारे. आणि खेळाच्या शेवटी एक पोपट चक्क इवलीशी तोफ डागायचा, तीही खरोखरचा आवाज करणारी. थाप मारत नाहीये. जयपूरच्या गायत्रीदेवी म्हणजे आमच्या सयाजीराव महाराज गायकवाडांची नात. आजोळच्या आठवणींत त्यांनीच हे सांगितलंय. तोफांचं वेड या घराण्यात जुनंच. सयाजीरावांच्या आधीचे राजे मल्हारराव, त्यांनी सोन्याच्या तोफा करवून घेतल्या होत्या. तेव्हा पोपटाची तोफ म्हणजे खर्चात कपातच म्हणायची!

मल्हाररावांना १८७५ साली गादीवरून काढलं आणि त्यांच्या वारलेल्या भावाच्या राणीने, जमनाबाईंनी, नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला. तोच सयाजीराव. बारा वर्षांचं शेतकऱ्याचं पोर, अक्षरओळख नाही. मला तर लक्ष्मीविलासातली सगळ्यात मोठी नवलाई हीच वाटते, की त्याने मोठा होऊन हा एवढा पसारा उभा केला आणि त्यात घरच्या मुलांसाठी शाळा काढली. राजवाड्याच्या आवारात, मोतीबागेच्या बाजूला. आता तिथे फत्तेसिंग म्युझियम आहे, राजा रविवर्म्यांची चित्रं बघायला आपण गेलो होतो तेच. वाड्यापासून शाळेपर्यंत आमराईतून पोरांसाठी छोटी आगगाडी धावायची. तुमची गाडी पाहुण्यांना ब्रँडी पोचवायची, आमची पोरांना शाळेत. कुठली बरी, तूच ठरव.

गाइड मंडळी मात्र 'बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट' यापलीकडे जात नाहीत. टेप घेऊन कोण मोजायला गेलं होतं देव जाणे. त्यापेक्षा वाड्याचा आराखडा करणाऱ्या मेजर मँटची गोष्ट सांगावी. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याचा, तोच हा. १८७८ ला इथलं काम सुरू झालं आणि आपली आकडेमोड चुकलीय, इमारत कोसळणार, या धास्तीने त्याला म्हणे घेरलं. १८८१ मध्ये तो गेला. मग चिझम नावाच्या दुसऱ्या वास्तुविशारदाने काम हाती घेऊन १८९० ला पुरं केलं. इमारत अजून ठणठणीत उभी आहे, भिंतीला हात लावला की मला बिचाऱ्या मँटचीच दया येते.

आणि जिची दया यावी अशी आणखी एक. सयाजीरावांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. लग्नात त्यांच्याबरोबर नर्तकी आणि साथीदारांचा ताफाच बडोद्याला आला, म्हणजे भरतनाट्यम् आमच्याकडे आंदणात आलं! पण त्या १८८५ मध्येच वारल्या. वाडा पुरा व्हायच्या पाच वर्षं आधी. त्यांच्या नावाचा रावपुऱ्यातला टॉवर, ज्याच्याखाली रिक्षावाले आपल्याशी भाडं घासतात.

दुसऱ्या राणीचं नावही चिमणाबाईच, पण तऱ्हा निराळी. त्यांनी बायकांच्या प्रश्नांवर पुस्तक लिहिलं, १९१४ मध्ये पडदा सोडला. आणि एवढ्या सुधारकी घरातही मुलीचं लग्न ठरवताना मुलीला काय वाटतं ते विचारायचं राहूनच गेलं. आता इथे तुझं ग्वाल्हेर येतं, सावरून बस. त्यांच्या लेकीचं, इंदिराराजांचं, लग्न तुमच्या महाराजांशी, माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. ते वयाने सोळा वर्षांनी मोठे आणि आधीच विवाहित. १९११ च्या दिल्ली दरबारात पोरीची कूचबिहारच्या राजपुत्राशी गाठ पडली. घरी कुणाला पत्ता लागू न देता तिने माधवरावांना पत्र लिहिलं, हे लग्न मला करायचं नाही म्हणून. इकडे आईबाप लग्नाच्या तयारीत, आणि ग्वाल्हेरहून तार: राजकन्येला या पत्रातून काय म्हणायचंय?

ती तार वाचताना चिमणाबाईंचा चेहरा कसा झाला असेल! स्वतः पुस्तक लिहिणारी बाई, पण लेकीने मनासारखं करायचं म्हटल्यावर कडाडून विरोध. तरी पोरीने १९१३ ला लंडनमध्ये जाऊन लग्न लावलंच. आईबाप गेले नाहीत. यावर तुझं माझं भांडण होणार हे दिसतंय मला. तू माधवरावांची बाजू घेशील. घे. पण माणूस मोठ्या मनाचा असेल तर तारेत एवढा एकच प्रश्न विचारून थांबतो का, हे मला पटवून दे.

गणपतीत येच. वाड्यातला गणपती बघू, मग सेव-उसळ खाऊ. तिखट झेपत नाही म्हणून आधीच कुरकुर करायची नाही. आणि येण्याआधी एक काम कर: इंदिराराजांचं ते मूळ पत्र तिकडे कुणी जपून ठेवलंय का, विचारून ये. तुझ्या भावाच्या ओळखी आहेत म्हणतेस ना नेहमी, मग लाव कामाला.

काकूंना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझीच,
मंदा