खोबऱ्याच्या वासाचं रान

हिल्सबरो, ओरेगन
एप्रिल

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा बॅन्डनहून परतले. आई, तू फोनवर विचारलंस, "चार दिवस नुसता चेंडूच मारलास?" तेव्हा ऑफिसच्या गडबडीत होते, म्हणून आता सविस्तर लिहिते.

बॅन्डन ड्यून्स म्हणजे पॅसिफिकच्या काठावर वाळूच्या टेकड्यांत वसलेलं गोल्फ रिसॉर्ट. पहिलं मैदान १९९९ साली सुरू झालं. आता मोठी पाच आणि लहान दोन आहेत. आतच राहिलं की सकाळी एक मैदान, दुपारी दुसरं, असं जमतं. खोलीपासून मैदानापर्यंत बस सोडते, पण एकदा खेळ सुरू झाला की पायीच. तब्येतीचं तसंच कारण असल्याशिवाय कुणालाही गाडी मिळत नाही. एका फेरीत आठ-नऊ किलोमीटर सहज होतात. बाबा, माझी बॅग उचलणारा कॅडी साठीच्या पुढचा होता आणि चढावर माझ्या पुढे असायचा.

खेळाचं एवढंच. खरं सांगायचंय ते वेगळंच.

पहिल्या संध्याकाळी खोलीबाहेर आले, तर ताजं खोबरं खवल्याचा वास. आई, शप्पथ, आपल्या मागीलदारी तू विळीवर बसली आहेस असंच वाटलं. शोधत गेले तर पिवळ्याधमक फुलांनी लगडलेलं काटेरी झुडूप. गॉर्स म्हणतात त्याला. फूल नाकाशी धरायला गेले तर बोटात काटा घुसला, पानाच्या जागी सगळे काटेच.

दुसऱ्या दिवशी कॅडीने त्याची गोष्ट सांगितली. जॉर्ज बेनेट नावाचा माणूस आयर्लंडमधल्या बॅन्डनहून इथे आला. गावाला त्याने आपल्या गावाचं नाव दिलं आणि हे झुडूपही तिकडूनच आणलं. ते पसरत गावाला येऊन भिडलं. त्यात तेल असतं, ओलं असलं तरी भडकतं. सप्टेंबर १९३६ मध्ये रानातला वणवा त्यातून गावात शिरला आणि जवळजवळ सगळं गाव जळून गेलं. आजही ते तोडत राहावं लागतं. बुंध्यातून पुन्हा फुटतं, बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

तो बोलत होता आणि मला आपली वरची बाग दिसत होती. फाल्गुनातली ती दुपार, काजूची काळी पडलेली कलमं, आणि बाबा, हातात ओली डहाळी घेऊन एकटेच आग झोडपणारे तुम्ही. त्या दिवशी तुमच्या पायाला फोड आले होते, हे मला आठ दिवसांनी कळलं. तेव्हापासून फाल्गुन लागला की मला इथे झोप येत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, यंदा दिवाळी झाली की गड्यांकडून बागेभोवतीचं गवत काढून घ्या. गडग्यालगत चांगली दोन-तीन वाव जमीन मोकळी हवी. मजुरीचे पैसे मी आधीच पाठवते. आणि धूर दिसला तर वाडीला हाक मारा, एकट्याने धावू नका. कलमं पुन्हा लावता येतात.

आई, तुला त्या फुलाचा वास द्यायचा फार मोह झाला. पण फुलासोबत एखादं बी आलं आणि आपल्या सड्यावर रुजलं तर? तिथेच ठेवून आले.

रविवारी फोन करते.

तुमची,
छकुली